धरणाचं पाणी वर कोमट, खाली गारठलेलं. खोल डुबकीत थंडी इतकी धोकादायक का असते?

उन्हाळ्यात डिंभे धरणात उतरलेल्या कुणालाही विचारा. वरचं पाणी कोमट, पण पाय खाली सोडले की पोटऱ्यांना गारवा झोंबतो. उन्हानं तापलेलं पाणी हलकं असतं, ते वर राहतं. थंड पाणी जड, ते तळाशी बसतं. वारा ढवळतो तो फक्त वरचा थर.

घोड नदीवरचं हे धरण सुमारे ६७ मीटर उंच, तर जुन्नरचं माणिकडोह सुमारे ५२ मीटर. ज्याच्यावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलंय, यावरून खोलीचा अंदाज घ्या.

पण आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? बर्फ लागतच नाही. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं शरीरातली उष्णता ओढून घेतं. गार पाण्यात अचानक उडी मारली की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणीच आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे टळत नाही. रीलसाठी भिंतीवरून सूर मारणाऱ्यांना हे माहीत असतं का, कोण जाणे.

आता अजून खोल जाऊ. पाणबुड्यांच्या वेटसूटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, ऊब त्यांच्यामुळेच टिकते. दर १० मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो आणि ते बुडबुडे चेपले जातात. म्हणजे थंडी वाढते तिथेच सूट पातळ होतो! शिवाय तिथली हवा दाट असल्यानं प्रत्येक श्वासाबरोबर जास्त उष्णता बाहेर पडते. बोटं बधिर होतात, साधी झडप फिरवणं जमत नाही. पाणी फारच थंड असेल, तर हवा पुरवणारं रेग्युलेटरही गोठू शकतं.

खरी परीक्षा मात्र वर येताना असते. दाबामुळे रक्तात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा, म्हणून पाणबुडे टप्प्याटप्प्यानं थांबत वर येतात. थंडीनं हातापायांचा रक्तपुरवठा कमी झाला की वायू तिथेच अडकतो आणि पुढे त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. इजिप्तच्या अहमद गब्रनं २०१४ मध्ये लाल समुद्रात ३३२ मीटर खोली गाठली. खाली जायला जेमतेम पाव तास लागला, वर यायला १३ तासांहून जास्त. लाल समुद्र त्यातल्या त्यात उबदार, तरी इतके तास पाण्यात काढायचे!

गार पाण्यात पडलात तर लगेच हातपाय मारू नका. पाठीवर तरंगा, धाप मिनिट-दोन मिनिटांत ओसरते, मग काठाकडे निघा. गारठलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर ओले कपडे उतरवा, घोंगडीत गुंडाळा. हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात पाजू नका. आणि १०८ ला फोन करा.