आईचं नाव

नाशिकच्या पांडवलेणीत 3 क्रमांकाच्या लेण्यात एका आईने आपल्या मुलाविषयी कोरून ठेवलं आहे. आई गौतमी बलश्री, मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. लेख कोरला तेव्हा गादीवर नातू होता, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, आणि त्याच्या कारकिर्दीचं 19वं वर्ष चालू होतं. शक, यवन, पल्हव यांचा निःपात केला, या पराक्रमाच्या यादीतच आपल्या मुलाने आईची सेवा केली हेही ती नोंदवते. स्वतःची ओळख करून देताना आपण महाराजाची आई आहोत, महाराजाची आजी आहोत, हे सांगते. पण त्याआधी स्वतःचं नाव सांगते. मुलाच्या आणि नातवाच्या नावात त्यांच्या आयांची नावं आहेत. राज्य बापाकडून मुलाकडेच जात होतं, म्हणून या नावांवरून तेव्हा बायकांची सत्ता होती असं म्हणायला मी धजावणार नाही. तरी नाव होतं. दगडात होतं.

ही लेणी पहिल्यांदा पाहिली त्या संध्याकाळी मला ‘श्यामची आई’ आठवलं, कारण तेही नाशिकचंच. साने गुरुजींनी ते 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. एकीकडे आई मुलाचं सांगते, दुसरीकडे मुलगा आईचं. आणि या दुसऱ्या आईचं नाव शीर्षकात नाही. ती यशोदाबाई. कोकणातल्या पालगडची, 1917 साली गेलेली. महाराष्ट्र तिला तिच्या मुलाच्या नावाने ओळखतो.

मराठी घरात बाईचं नाव टिकणं मुळातच अवघड. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि जन्मनाव माहेरी राहतं. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, आनंदीबाई जोशीही यमुनाच. मग मूल झालं की ‘बाळ्याची आई’. एकत्र कुटुंबात तर ‘आई’ हा शब्दही पुष्कळदा आजीकडे जायचा. पोरं चुलत्यांच्या तोंडून ऐकून जन्मदात्रीला ‘वहिनी’ म्हणायची, नाहीतर काकू, अक्का, बाई. ज्या बाईने घराला वळण लावलं तिला त्या घरात आपल्या नावाने हाक मारणारं कुणी नसायचं.

‘श्यामची आई’कडे आपण फार भाबडेपणाने पाहतो असं माझं मत आहे. 1953 साली आचार्य अत्र्यांनी चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, वनमालांचा चेहरा मनावर ठसला, आणि ही आई म्हणजे केवळ अश्रू आणि माया असं समीकरण झालं. पुस्तक पुन्हा वाचा. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून ती पदर पसरते, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या पोराला शिमटीने फोडत विहिरीवर धाडणारीही तीच. मुलाला भित्रा म्हटलेलं तिला सोसत नाही. पत्रावळ लावता आली पाहिजे, कांडायला येणारी मथुरी आजारी पडली तर तिच्या घरी अन्न पोचलं पाहिजे, हे ती बोलून कमी शिकवते, करायला लावून जास्त. आणि हे सगळं चालू असताना घर कर्जात बुडत असतं. सावकाराचा माणूस दारात येऊन बोलतो, ते ऐकते तीच. मुलांवर परिणाम झाला तो तिच्या उपदेशाचा की अब्रू सांभाळत तिने काढलेल्या त्या दिवसांचा, हे गुरुजी वेगळं सांगत नाहीत. माझं उत्तर दुसरं आहे. आई काय म्हणाली हे मूल विसरतं. आई कुणापुढे झुकली, कुणापुढे नाही, हे ते विसरत नाही.

आता उलट टोक. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं, शेतीचं आणि घरचं न संपणारं काम. जात्यावर, शेतात त्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी उतरवून घेतलं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईच्या निधनानंतर ती वही अत्र्यांपर्यंत पोचली आणि 1952 साली पुस्तक निघालं. इथेही मुलगाच आईला आपल्यापर्यंत आणतो, पण स्वतः बाजूला उभा राहून. पुस्तकावर बहिणाबाईंचं नाव आहे.

ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हता, त्या बायांच्या ओव्या हवेत विरल्या असत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवायची दक्षता त्यांनी घेतली, याबद्दल मला त्यांचे फार उपकार वाटतात. या ओव्यांत आई सतत आहे, पण लेकीच्या तोंडून. सासरी आलेली लेक जात्याच्या घरघरीत माहेर बोलते. मुलगे आईवर पुस्तकं लिहितात, तर मुली तिला गातात. आणि गाणं दळण संपेपर्यंतच.

आईच्या नावाचा प्रश्न खऱ्या अर्थाने अंगावर येतो तो दलित आणि भटक्या समाजांतल्या आत्मकथनांत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (1984) आई मसामाय अस्पृश्य, बाप गावचा पाटील. शाळेत नाव घालायचं तर बापाचं काय लावायचं? आई समोर आहे, भूक तिची आणि पोराची एकच आहे, पण कागदाला ती पुरत नाही. त्या घरात माया देणारी माणसं म्हणजे आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान दादा. रक्ताच्या बापाने जे नाकारलं ते या दोघांनी दिलं. वाढवणं म्हणजे काय, याचं याहून थेट चित्र मला मराठीत ठाऊक नाही.

किशोर काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’च्या (1994) मुखपृष्ठावर स्वतःचं नाव छापलं ते किशोर शांताबाई काळे असं. आई तमाशात नाचणारी. नाचणाऱ्या लेकीच्या कमाईवर बाप-भावांनी बसून खायचं, ही त्या घरांची रीत. पुढे एका माणसाने शांताबाईंना ठेवून घेतलं, त्या दूर गेल्या आणि पोरगा आजोबांच्या घरी राबत, मार खात वाढला. तो शिकून डॉक्टर झाला. हे पुस्तक आईची आरती नाही. आईने आपल्याला सोडलं हे दुखणं पानापानावर ठणकतं, तिच्यासाठी केलेलं झुरणंही. आई नसण्याचा परिणाम किती खोल असतो, हे इथे कळतं. तरीही मधलं नाव तिचंच. तक्रार आणि हक्क दोन्ही त्या एका शब्दात आहेत.

कागद बदलायला फार वेळ लागला. 1956च्या कायद्यात हिंदू अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा आईची सही चालेना. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे, असा अर्थ न्यायालयाने 1999 साली लावला. आणि महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं ठरवलं.

हा निर्णय झाला त्या सुमारास मी आईची ट्रंक आवरत होते. ती जाऊन वर्ष झालं होतं. लुगड्यांच्या घडीखाली तिचा चौथीचा शाळेचा दाखला निघाला. त्यावर तिचं माहेरचं नाव, जे मी मावशीच्या तोंडून क्वचित ऐकलं होतं, आणि पुढे आजोबांचं. आजीचं नाव त्यावर नव्हतं. मी मामाला फोन केला. आजीचं सासरचं नाव त्याने लगेच सांगितलं. माहेरचं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अगं, आम्ही तिला वहिनीच म्हणायचो.” मावशीला विचारलं, आजीच्या भाच्याला विचारलं, त्या गावी अजून राहणाऱ्या एका चुलत नातलगालाही विचारून झालं. तिच्या हातच्या फणसाच्या सांदणांची चव सगळ्यांच्या जिभेवर होती. नाव कुणालाच सांगता आलं नाही.