ब्रिटनमधील भत्ता आणि चुकलेली भेट: ‘सबळ कारण’ कशाला म्हणतात?

स्विंडन, साऊथॉल यांसारख्या ठिकाणी स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांत एखाद्याची नोकरी गेली किंवा कामाचे तास घटले की ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी भत्त्याचा आधार घ्यावा लागतो. 31 डिसेंबर 2020 पर्यंत पोर्तुगीज पारपत्रावर तेथे वास्तव्यास गेलेल्या व पुढे ‘सेटल्ड’ दर्जा मिळालेल्या व्यक्तींना तो इतर रहिवाशांप्रमाणे मागता येतो. ‘प्री-सेटल्ड’ दर्जा असणाऱ्यांना वास्तव्याचा हक्क वेगळा सिद्ध करावा लागतो. तो विषय स्वतंत्र आहे.

हा भत्ता बिनशर्त मात्र नाही. अर्जदाराने प्रकृती व कौटुंबिक जबाबदाऱ्यांनुसार आठवड्याला 35 तासांपर्यंत काम शोधावे, ‘जॉबसेंटर’मधील ठरलेल्या भेटींना हजर राहावे, असा लेखी करार असतो. भेट चुकली आणि त्याला सबळ कारण नसले, तर भत्त्यात कपात होते. 2025-26 या वर्षात पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या एकट्या व्यक्तीचा मूळ भत्ता महिन्याला 400.14 पौंड, म्हणजे दिवसाला सुमारे 13 पौंड होता. काम शोधण्याची पूर्ण अट असलेल्या अर्जदाराची भेट चुकल्यास, त्या दिवसापासून तो पुन्हा अट पूर्ण करीपर्यंतचे सर्व दिवस आणि त्यावर आणखी 7 दिवस ही रक्कम कापली जाते. वर्षभरात तसेच पुन्हा घडल्यास वाढीव दिवस 14 आणि त्यानंतर 28 होतात. भेट चुकवून दोन आठवडे गप्प बसणारा माणूस असे तीन आठवड्यांचा मूळ भत्ता गमावतो. घरभाडे व मुलांसाठीची रक्कम या कपातीतून वाचते, एवढाच दिलासा.

आता ‘सबळ कारण’ म्हणजे काय? 2012 च्या कल्याण सुधारणा कायद्यात हा शब्दप्रयोग आहे, पण त्याची व्याख्या नाही. आजारपण, मानसिक अस्वास्थ्य, घरगुती हिंसाचार, बेघर होणे, मुलांना सांभाळणारे कोणी नसणे, भाषेची अडचण अशा बाबी निर्णय अधिकाऱ्याने विचारात घ्यायच्या असतात. मात्र त्यांची बंदिस्त यादी नाही. त्या परिस्थितीत सामान्य समंजस माणसाने काय केले असते, हीच खरी कसोटी. कागदावर ही लवचीकता माणुसकीची आहे. प्रत्यक्षात तिचा लाभ, आपली अडचण नेमक्या इंग्रजीत आणि वेळेवर मांडता येणाऱ्यालाच अधिक होतो, हे सांगितले पाहिजे. ज्याला ते जमत नाही त्याने दुभाष्याची मागणी करावी. तशी सोय आहे.

गोमंतकीयांची अडचण बहुधा एका ठिकाणी होते. गावाकडून निधनाचा निरोप येतो आणि मिळेल त्या विमानाने माणूस निघतो. पुढच्या मंगळवारची भेट त्या घाईत कोणाच्या लक्षात राहणार? अंत्यविधीची व्यवस्था आणि घरगुती संकट यांचा उल्लेख नियमांत स्पष्टपणे आहे. अशा काळात काम शोधण्याची अट तात्पुरती शिथिल करता येते. परंतु त्यामुळे ठरलेली भेट आपोआप रद्द होत नाही. ती पुढे ढकलण्याची विनंती स्वतंत्रपणे करावी लागते. दुसरा गैरसमज असा की, जवळच्या कोणाचाही मृत्यू झाला की सहा महिने सूट मिळते. ती केवळ जोडीदार किंवा अपत्य गमावलेल्यांसाठी आहे. आई-वडिलांच्या निधनाला ती लागू नाही.

देशाबाहेर राहण्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. साधारणतः एका महिन्यापर्यंतच्या अनुपस्थितीत भत्ता चालू राहतो. निकटच्या नातलगाच्या मृत्यूमुळे परतणे वाजवी नसेल, तर आणखी एक महिना वाढवून मिळू शकतो. येथे आई-वडील, सासू-सासरे, भावंडे हेही निकटचे नातलग ठरतात. बाराव्या-तेराव्यापर्यंत थांबणाऱ्यास पहिला महिना पुरतो. महिन्याच्या मिस्सासाठी थांबणाऱ्याने मुदतवाढ आधी मागावी. चतुर्थीला किंवा गावच्या फेस्ताला येणे हे मात्र भेट चुकवण्याचे सबळ कारण म्हणून पुढे करू नये. येण्यास बंदी नाही, पण काम शोधण्याच्या अटी त्या काळातही लागू राहतात आणि प्रवासाची पूर्वसूचना द्यावीच लागते.

सूचना देण्याची जागा म्हणजे खात्यातील ऑनलाइन जर्नल. विमानतळावरून लिहिलेल्या चार ओळीही पुरतात: कोण वारले, केव्हा निघालो, केव्हा परतणार, कोणती भेट चुकेल. फोनवर सांगितलेले मागाहून सिद्ध करणे कठीण जाते. मृत्यूची नोंद करण्यासाठी आपल्याकडे 21 दिवसांची मुदत असल्याने दाखला परतण्यापूर्वी हाती येईलच असे नाही. तोवर रुग्णालयाचा कागद, दैनिकातील निधनवार्ता व विमानाचा बोर्डिंग पास जपून ठेवावा. गोव्यातच आजारी पडल्यास डॉक्टरांकडून तारखांसह इंग्रजीत पत्र घ्यावे. भेटीची सूचनाच मिळाली नसेल, तर तसे निःसंकोच लिहावे. न कळवलेली भेट चुकली म्हणून दंड करणे कायद्यात टिकत नाही.

कपातीचा निर्णय ‘वर्क कोच’ घेत नाही. तो अहवाल पाठवतो. निर्णय दुसरा अधिकारी घेतो. त्यामुळे आपली बाजू समोरच्या माणसाला पटली, एवढ्यावर विसंबू नये. निर्णय विरोधात गेल्यास एका महिन्यात फेरविचार मागता येतो. सयुक्तिक कारण दाखवल्यास उशिराची विनंतीही स्वीकारली जाऊ शकते, पण 13 महिन्यांनंतर नाही. तेथेही निराशा झाली तर पुढच्या एका महिन्यात स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ ही संस्था या कामी विनामूल्य सल्ला देते. दरम्यान घर चालवणे अशक्य झाल्यास कापलेल्या रकमेच्या सुमारे 60 टक्क्यांइतके संकटकालीन साहाय्य मागता येते. ते मात्र कर्ज असून पुढील भत्त्यातून वसूल केले जाते.