अफवेचे शुद्धलेखन

खोट्या बातमीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अफवा, आवई, भुमका, कंडी, वदंता आणि वावडी. यांपैकी ‘वावडी’ म्हणजे पतंग. वारा असला की ती चढते आणि खालून पाहणाऱ्यास तिचा दोरा दिसत नाही. साथीच्या दिवसांत हा वारा कोठून सुटतो आणि एरव्ही शहाणीसुरती असणारी माणसे तो दोरा आपल्या हाती का घेतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमच्या बेळगाव-निपाणी भागाने प्लेगही सोसला आणि कोविडही. त्यामुळे उदाहरणांसाठी फार दूर जावे लागत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ही साथ पुणे, बेळगाव, धारवाड, हुबळी अशी पसरत आली. ‘उंदीर पडला की गाव उठायचे’ हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी नेहमी असे. लोक राहती घरे सोडून रानात खोपटी बांधीत. रोगाआधी वार्ता पोहोचत. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले होते. त्यावरून बातमी उठली की, संतापलेल्या राणीने प्रजेची काळजे मागविली आहेत आणि इस्पितळात माणसे नेतात ती त्याचसाठी. माणसाच्या देहातून औषधी तेल काढतात, अशीही एक वदंता होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला.

आज हे वाचून हसू येते. पण थोडे थांबावे. इस्पितळात नेलेल्यांपैकी फार थोडी माणसे जिवंत परतत. पुण्यात १८९७ साली गोरे सोजीर घरांत, देवघरांत शिरून तपासणी करीत होते. ‘आमच्या माणसाचे तेथे काय होते?’ हा लोकांचा प्रश्न खरा होता. त्याला विश्वासाचे उत्तर देणारे कोणी नव्हते. रिकाम्या जागेवर खोटे उत्तर येऊन बसले.

मानसशास्त्राने या रिकाम्या जागेचा अभ्यास केला आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९४७ साली असे मांडले की, विषयाचे महत्त्व आणि त्याविषयीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अफवेचे बळ ठरते. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवाही शून्य होते. साथीत जिवाचाच प्रश्न असल्याने महत्त्व कमी करता येत नाही. संदिग्धता तेवढी कमी करता येते.

दुसरा धागा आपल्याच देशातील आहे. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर उठलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला. ज्या भागात धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तेथे याहून भयंकर संकट येणार, अशा अफवा जोरात होत्या. घाबरलेल्या माणसाला अधिक घाबरविणाऱ्या वार्ता का रुचाव्यात? लिओन फेस्टिंगर यांनी १९५७ साली याचा उलगडा केला: भीती मनात आधीच शिरलेली असते; तिला साजेसे कारण मात्र समोर दिसत नसते. ते कारण अफवा पुरविते.

कटाच्या कल्पनेचे आकर्षणही असेच आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या, कसलाही हेतू नसलेल्या जंतूने घरातील कर्ते माणूस न्यावे, हे मनाला पेलत नाही. मोठ्या दुःखाला कारणही मोठे हवे असते. एखादा दुष्ट कारस्थानी कल्पिला की निदान कोणावर रागवावे ते कळते. शिवाय तीच गोष्ट पुनःपुन्हा कानी पडली की ती अधिक खरी भासू लागते. १९७७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात हे दिसून आले आहे.

आता अलीकडचे पाहू. कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो, अशी वार्ता २०२० च्या आरंभी मोबाइलवरून पसरली. भाव कोसळले. मार्चमध्ये आमच्याच जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. त्या भागात रोग पोहोचण्यापूर्वीच अफवेने एका घराचा संसार मोडला होता.

सीमाभागात संदिग्धता दुप्पट होती. दूरचित्रवाणीवरील मराठी बातम्या महाराष्ट्राचे नियम सांगत. दाराबाहेर नियम कर्नाटकाचे असत. कोगनोळीच्या नाक्यावर कधी कोणता दाखला लागेल, याची खात्री नसे. सरकारी सूचना बहुतेक कन्नडमध्ये, आणि जुन्या पिढीतील पुष्कळ मराठी माणसांना कन्नड वाचता येत नाही. मोबाइलवरील वार्ता मात्र मायबोलीत येत होती.

येथे मला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. मे २०२१ च्या अखेरीस माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. लस घेतलेले सर्वजण दोन वर्षांत मरतील, असे नोबेल पारितोषिक विजेते फ्रेंच शास्त्रज्ञ ल्यूक माँटॅग्निए यांनी म्हटले आहे, असा त्याचा आशय होता. लसीकरणावर त्यांनी टीका केली होती. पण हे वाक्य त्यांचे नव्हते, असे पुढे स्पष्ट झाले. मला त्या वेळी काय दिसले? ऱ्हस्वदीर्घ बिनचूक, वाक्यरचना नेटकी, विरामचिन्हे जागच्या जागी. उभा जन्म विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात गेलेला. शुद्ध लिहिणारा मनुष्य जबाबदारीने लिहीत असणार, असे मी नकळत गृहीत धरले.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेले एक शेजारी रोज सकाळी माझ्याकडे वर्तमानपत्र ऐकावयास येत. त्यांना मी तो संदेश वाचून दाखविला. ‘सर, खरं असंल काय हे?’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘एवढा मोठा माणूस म्हणतो आहे, तर थोडे थांबू या.’ आम्ही दोघेही थांबलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते आजारी पडले. तीन आठवड्यांनी परत आले. पण माझ्या ओसरीच्या पायऱ्या चढण्याइतका दम त्यांच्या छातीत उरला नाही. लस घेतली असती तर काय झाले असते, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि त्या आधाराने मी सुटू इच्छीत नाही. ते मला एवढेच म्हणाले, ‘तुम्ही काय वाईट मनानं सांगितलं न्हाई, सर.’ अफवा पसरविणारे आपण बहुतेकजण वाईट मनाचे नसतोच. ती आपल्या चांगुलपणावर आणि आपल्यावर असलेल्या विश्वासावर स्वार होऊन पुढच्या घरी जाते.

त्यानंतर आमच्या गल्लीत एक आशा कार्यकर्ती आली. ती कन्नड भाषक. ‘माझा आई पण घेतली. दोन दिवस ताप येतो, मग जातो. मी उद्या परत येतो,’ असे ती मोडक्या मराठीत म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच आली. शेजाऱ्यांची पत्नी आणि मी एकाच दिवशी लस घेतली. लिंग, वचन, क्रियापद सारे चुकलेल्या त्या वाक्यांत सत्य होते. आणि माझ्या हाती आलेल्या निर्दोष मराठीत असत्य होते.

तिने तापाचीही कल्पना दिली, हे मला विशेष वाटते. प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली हुबळीत तीस हजारांहून अधिक लोकांनी ती घेतली. परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. अशा घटना लपविल्या की अफवेला खऱ्याचा टेकू मिळतो. ‘काहीही होणार नाही’ या आश्वासनापेक्षा ‘एवढे होऊ शकते, आणि मी जवळ आहे’ हे वचन अधिक टिकाऊ असते.

ही पुस्तिका शाळेची आहे, म्हणून शेवटचा शब्द विद्यार्थ्यांसाठी. वार्ता हाती आली की तिचे शुद्धलेखन पाहू नका. ती मूळ कोणी सांगितली, त्याला हे कसे कळले आणि ती चुकीची निघाल्यास जबाबदारी कोण घेईल, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर ‘मला माहीत नाही’ असे म्हणावयास शिका. त्या सकाळी माझ्या शेजाऱ्यांना एवढेच उत्तर देणे माझे कर्तव्य होते. ‘आपण दवाखान्यात जाऊन विचारू’ हे त्यापुढचे वाक्य मग आपोआप सुचले असते.