सोसायटीच्या आरोग्य योजनेत आपल्याला नेमके काय मिळते?

सोसायटीत नाव घातले, वर्गणी भरली, कार्ड हातात आले. आता घरात कोणीही आजारी पडले तरी दवाखान्याचे बिल सोसायटी भरणार, अशी समजूत पुष्कळ शेतकरी घरांतून आढळते. पेशंट दारात येईपर्यंत ती समजूत टिकते. मग टायफॉइडच्या तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन बाप रुग्णालयात जातो, कार्ड पुढे करतो आणि तिथला माणूस सांगतो की हे कार्ड या आजाराला चालत नाही. बापाला वाटते, आपली फसवणूक झाली. बहुतेक वेळा तशी ती झालेली नसते. योजनेत काय आहे आणि काय नाही, हे त्याला आधी कोणी समजावून सांगितलेले नसते. म्हणून हा लेख.

संघाची किंवा सोसायटीची आरोग्य योजना आणि सरकारी योजना यांत मुळातच फरक आहे. सरकारी योजनेत आपण नागरिक म्हणून किंवा रेशनकार्डाच्या जोरावर जातो. संघाच्या योजनेत आपण सभासद म्हणून जातो आणि आपल्या वर्गणीतूनच ती उभी राहते. आपल्या वाचकांच्या परिसरात याची दोन चांगली उदाहरणे आहेत. बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातल्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेली कर्नाटकातील ‘यशस्विनी’, आणि गुजरातेत ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेची विमा योजना.

यशस्विनीची कल्पना हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांची. राज्याच्या सहकार खात्याने ती उचलून धरली आणि १ जून २००३ पासून प्रत्यक्ष उपचार सुरू झाले. त्या वेळी वर्गणी होती माणशी वर्षाला ६० रुपये, म्हणजे महिन्याला पाच. पाच रुपयांत हृदयाचे ऑपरेशन कसे होईल, असे लोक विचारीत. हिशेब साधा आहे. पहिल्या वर्षी सुमारे १६ लाख लोकांनी नावे घातली. सोळा लाखांनी साठ रुपये दिले की ९ कोटी ६० लाख होतात, शिवाय सरकारने आपली भर घातली. सोळा लाखांपैकी त्या वर्षी ऑपरेशनची पाळी थोड्यांवरच येते. बाकीच्यांचे साठ रुपये त्या थोड्यांच्या कामी येतात. मध्ये विमा कंपनी नव्हती. पैसा एका न्यासाकडे राहत असे.

‘माझे पैसे फुकट गेले, मला काहीच झाले नाही,’ असे वर्षाअखेरीस म्हणणारा सभासद प्रत्येक गावात असतो. हा विचार योजनेला कसा पोखरतो, हे यशस्विनीतच दिसले. दुसऱ्या वर्षी सभासद २० लाखांच्या वर गेले होते. तिसऱ्या वर्षी वर्गणी ६० वरून १२० रुपये झाली आणि संख्या १५ लाखांच्या आत आली. अशा वेळी सोडून कोण जातो? धडधाकट माणूस. ज्याला हर्नियाचे ऑपरेशन करायचेच आहे, तो १२० काय, ५०० रुपयेही आनंदाने भरतो. धडधाकट माणसे गेली की खर्च तेवढाच राहतो आणि भरणारे कमी होतात. मग वर्गणी पुन्हा वाढवावी लागते आणि आणखी काही जण जातात. म्हणून अशा योजनेत घरातल्या फक्त म्हाताऱ्यांची नावे घालून तरुणांची गाळणे हे हुशारीचे काम नव्हे. नव्या यशस्विनीत वर्गणी माणशी न घेता कुटुंबामागे घेण्याचे ठरले, ते माझ्या मते शहाणपणाचे झाले.

नवी म्हणण्याचे कारण असे की जुनी योजना २०१८ साली बंद होऊन राज्याच्या ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेत विलीन झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तिथे पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. पण दारिद्र्यरेषेच्या वरचे कार्ड असलेल्या शेतकऱ्यासाठी सरकार ठरलेल्या दराच्या ३० टक्केच देणार आणि बाकीचे ७० टक्के त्याने खिशातून भरायचे, असा नियम झाला. ज्याला दारिद्र्यरेषेखालील कार्ड मिळत नाही, त्याची मोठी अडचण झाली. सहकारी क्षेत्रातून मागणी होत राहिली आणि २०२२ साली यशस्विनी पुन्हा आणण्यात आली. १ जानेवारी २०२३ पासून उपचार सुरू झाले.

त्या वेळी ठरलेल्या अटी अशा. खेड्यातल्या सोसायटीच्या सभासदाने चार माणसांच्या कुटुंबासाठी वर्षाला ५०० रुपये भरायचे, चारांपुढील प्रत्येक माणसाला १०० रुपये जास्त. शहरातल्या सोसायटीसाठी हेच आकडे १,००० आणि २००. कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांपर्यंत उपचार. सभासदत्व निदान तीन महिन्यांचे जुने हवे, म्हणजे आजार कळल्यावर धावत जाऊन शेअर घेतला तर उपयोग नाही. शेती पत्तीन सोसायटीच असली पाहिजे असे नाही. दूध डेअरीचा किंवा विणकर सोसायटीचा सभासदही यात येतो. महिना ३० हजारांच्या वर पगार घेणारा नोकरदार मात्र येत नाही. दर आणि मुदती सरकारी आदेशाने बदलू शकतात, तेव्हा पैसे भरताना सेक्रेटरीकडून चालू वर्षाचे परिपत्रक वाचून घ्यावे. ते कन्नडमध्ये असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेत कन्नड शिकणाऱ्या आपल्या मुलांकडून वाचवून घ्यावे, त्यात लाज कसली?

अनुसूचित जाती आणि जमातीच्या सभासदांची वर्गणी सरकार भरते. इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाही. हिंदूंखेरीज शिखांना आणि बौद्धांना तो पुढे मिळाला, आपल्याला नाही. तेव्हा दलित ख्रिस्ती सभासदाने माफी मिळेल असे धरून न चालता वर्गणी वेळेवर भरावी, नाहीतर त्याचे वर्ष वाया जाईल. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. आपले सिद्दी बांधव, त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती, या माफीस पात्र आहेत. कारवार जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना २०२० साली. त्यांनी जातीचा दाखला काढून ठेवावा.

आता मुख्य प्रश्न: कशाला चालते? यशस्विनी ही मुळापासून ऑपरेशनची योजना आहे. हर्निया, मूतखडा, अपेंडिक्स, हृदयाची झडप, डोळ्यांचे ऑपरेशन, अशी उपचारांची ठरलेली यादी असते आणि प्रत्येकाचा दर आधीच ठरलेला असतो. यादीत आहे ते मिळते, नाही ते मिळत नाही. ताप, कावीळ, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे यांच्यासाठी ही योजना नव्हे. शेतकऱ्याच्या दृष्टीने जुन्या यादीतला एक भाग फार चांगला होता: सर्पदंश, कुत्रा चावणे, बैलाने शिंग मारणे, शेतीच्या अवजाराने झालेली जखम, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे. यादी करणाऱ्याला गोठा आणि मोटरपंप माहीत होता, हे उघड आहे. नैसर्गिक बाळंतपणही त्यात होते. उलट कृत्रिम सांधे, मूत्रपिंड बदलणे, डायलिसिस, केमोथेरपी आणि भाजल्यावरचे उपचार जुन्या यादीत नव्हते. म्हणून घरात मूत्रपिंडाचा किंवा कर्करोगाचा पेशंट असेल तर यशस्विनीच्या भरवशावर न राहता सरकारी योजनेत काय बसते, याची चौकशी आधी करावी.

पैसे रोख द्यावे लागत नाहीत, पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो. आधी रुग्णालय योजनेच्या यादीतले पाहिजे. आपल्या सीमाभागात पेशंटला मिरज, कोल्हापूर किंवा गोव्याला नेण्याची जुनी वहिवाट आहे. योजना कर्नाटकाची, राज्याबाहेरचे रुग्णालय तिच्या यादीत असेलच असे धरू नये. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टर तपासतो, ऑपरेशन ठरवतो आणि रुग्णालयातून मंजुरीसाठी कागद जातो. मंजुरी आल्यावर ऑपरेशन. आधी ऑपरेशन करून घेतले, पैसे भरले आणि मग पावती घेऊन सोसायटीत आलो, तर काही होत नाही. ठरलेला दर जनरल वॉर्डाचा असतो. पाहुणे भेटायला येतात म्हणून स्पेशल खोली हवी असेल तर जादा किती पडेल, ते अगोदर विचारावे.

मंजुरी अडते ती बहुधा नावावरून. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पास्कल, घरात पास्कू, रेशनकार्डावर कन्नड कारकुनाने ऐकून लिहिलेले तिसरेच, आणि आधारवर चौथे. आडनावाचीही तीच गत. डिसोजा चार तऱ्हांनी लिहितात. सोसायटीचे शेअर पुस्तक, रेशनकार्ड आणि आधार या तिन्हींवर नाव एकसारखे आहे का, ते नावनोंदणीच्या दिवसांत पाहावे. पेशंट खाटेवर असताना तहसील कचेरीत जाऊन नाव दुरुस्त होत नाही. नवी सून आली, मूल जन्मले तर तेही रेशनकार्डावर चढवावे. कार्डावर नाही त्याला कुटुंबात धरीत नाहीत.

गुजरातेतील योजना वेगळ्या पद्धतीची. ‘सेवा’ ही संघटना १९७२ साली अहमदाबादेत नोंदली गेली. इला भट्ट यांनी ती उभारली. विमा १९९२ साली सुरू झाला. एकाच हप्त्यात आजारपण, मृत्यू आणि घर किंवा अवजारांचे नुकसान असे तिन्ही त्यात धरले होते, कारण गरीब घरावर ही संकटे एकामागून एक येतात. आणखी एक चांगली सोय अशी की सेवा बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी हप्ता परस्पर भरला जायचा. दरवर्षी तारीख आठवायला नको, आणि ठेव आपलीच राहते. आपल्या पतसंस्थांनी ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

पण तिथे बाई आधी स्वतः पैसे भरी आणि मग कागद देऊन परत मिळवी. आजारपणाची मर्यादा सुरुवातीला १,२०० रुपये आणि पुढे २,००० रुपये होती. रुग्णालयात निदान २४ तास राहिलेले असावे लागे. अभ्यासकांनी पाहिले तेव्हा असे दिसले की खेड्यांत नावे गरिबांची होती, पण पैसे परत मागायला मात्र त्यांतल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या बायका अधिक येत. ज्या बाईला रुग्णालयात भरायला हातात पैसेच नाहीत, ती परत काय मागणार? म्हणून अशी पावतीची योजना असेल तर गावाने थोडा फिरता निधी ठेवावा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि तपासण्यांचे रिपोर्ट एका पिशवीत घालून जपावेत. बिलावर तारीख आणि डॉक्टरचा शिक्का नसेल तर तिथल्या तिथेच मागून घ्यावा.

याच योजनेतून एक गंभीर गोष्ट उघड झाली. बायकांच्या मागण्यांत गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन फार पुढे होते, आणि त्या बायकांचे सरासरी वय चाळिशीच्या आत. ऑपरेशनचे पैसे मिळतात आणि गोळ्यांचे मिळत नाहीत, तेव्हा काही डॉक्टरांचा आणि पेशंटचाही कल ऑपरेशनकडे झुकतो. अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळीत जास्त रक्त जाणे याला पुष्कळदा औषधांनी उतार पडतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर पाळी बंद झाल्याचे सारे परिणाम एकदम होतात, हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला ते जड जाते. कार्डावर ऑपरेशन फुकट होते म्हणून ते करावे असे नाही. कर्करोग किंवा थांबतच नाही असा रक्तस्राव असल्याशिवाय कोणी ‘पिशवी काढून टाका’ म्हणाले, तर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा दुसऱ्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला सोनोग्राफीचा कागद दाखवावा. तसेच ‘अंडाशय ठेवणार की काढणार?’ हे सही करण्याआधी विचारावे. नवऱ्यानेही सोबत जावे, आणि सही करण्याची घाई त्याने करू नये.

नावनोंदणीची मुदत दरवर्षी थोडेच दिवस असते. सोसायटीचे सेक्रेटरी त्या दिवसांत पीककर्जाच्या वसुलीत गुंतलेले असतात आणि फलक लावायला विसरतात. तेव्हा आपणच जाऊन विचारावे. पैसे भरल्याची पावती त्याच दिवशी घ्यावी, तीवर कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव आहे ना ते पाहावे, आणि कार्ड येईपर्यंत ती पावती रेशनकार्डात घालून ठेवावी.