पेटीवर ‘येरवडा’ लिहिले म्हणून

जुन्या बाजारात पेटीचरखा हाती लागला आणि त्यावर ‘येरवडा’ हा शब्द दिसला, की विकणारा छातीठोकपणे सांगतो: तुरुंगात बनलाय, गांधीजींच्या काळातला आहे. एका शब्दावर दोन विधाने उभी राहतात आणि त्या शब्दाला एवढे ओझे पेलत नाही. ‘येरवडा’ हे इथे कारखान्याचे नाव नाही, चरख्याच्या जातीचे आहे. पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच राहते, तसेच हे. नावामागे खरा इतिहास मात्र आहे. मे १९३० ते जानेवारी १९३१ गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि चरखा सुटसुटीत करण्याची त्यांची खटपट तिथे चालली होती. पेटी उघडली की दोन चाके आडवी दिसतात. हाताने फिरवायचे मोठे चाक लहान चाकाला फिरवते आणि लहान चाक सूत कातणाऱ्या चातीला. वेग दोन टप्प्यांत वाढत असल्याने जुन्या चरख्याचे अवाढव्य उभे चाक लागत नाही, आणि झाकण लावून पेटी काखोटीला मारता येते. पुढे हा नमुना ठिकठिकाणच्या कार्यशाळांनी उचलला, नावासकट. म्हणून ‘येरवडा’ एवढेच सांगतो की ही पेटी १९३०च्या आधीची नाही. नंतर किती, यावर तो गप्प आहे.

ते इतर खुणांना विचारावे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा कायदा १९५६चा, काम सुरू झाले १९५७ मध्ये. आयोगाचे नाव असलेली पट्टी त्याआधीची असूच शकत नाही. किंमत ‘नव्या पैशांत’ असेल तर चिठ्ठी १ एप्रिल १९५७ नंतरची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. खादीचे काम करणाऱ्या चरखा संघाचे नाव १९२५ पासूनचे, म्हणजे खुद्द पेटीचरख्याहून जुने. आरंभाची तारीख ठरवायला ते निरुपयोगी. आणि शिक्काच नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, हे विकणाऱ्याला पटवणे सर्वांत कठीण!

यावर कुणी म्हणेल, पट्टी नंतरही ठोकता येते. येते, म्हणून पट्टीचे आणि पेटीचे वय वेगवेगळे धरावे. पट्टी सैल असेल तर तिच्या कडेने आत पाहावे. बऱ्याच वर्षांपूर्वी बसवलेल्या पट्टीखालचे लाकूड भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळ्या छटेचे राहते. दोन्हीकडे सारखाच काळपटपणा असेल तर पट्टी उशिरा आल्याचा संशय घ्यावा. चाती वाकते, चाक फिरवणारी दोरी म्हणजे माळ तुटते, त्या बदलल्या जातात. नव्या चातीमुळे पेटी नवी ठरत नाही. दुसरा आक्षेप असा, की तुरुंगात सुतारकाम चालतेच. चालते. पण सरकारी पुस्तकांवरची ‘येरवडा प्रिझन प्रेस’ ही ओळ छपाई कुठे झाली ते सांगते. चरख्यावर नुसता ‘येरवडा’ असतो, तो नमुना कोणता ते सांगतो. तुरुंगात बनल्याचा दावा करायचा तर तशी स्वतंत्र खूण दाखवावी लागेल.

२०१३ मध्ये इंग्लंडमधल्या लिलावात गांधीजींनी येरवड्यात वापरलेला म्हणून एक चरखा १ लाख १० हजार पौंडांना गेला. तिथे भाव आला तो चरखा कुणाकडून कुणाकडे गेला या हकिकतीला: गांधीजींनी तो फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला दिला होता. अशी हकिकत आणि तिचा कागद सोबत नसेल, तर ‘येरवडा’ या चार अक्षरांसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.