बाजरीची जनुकलिपी

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव तुम्ही ऐकले असेलच. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या या कोरड्या भागात वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९७५ सालापासून अण्णा हजारे व ग्रामस्थांनी बांध घालून, नाले अडवून तो जमिनीत मुरवला. पण थोड्या पाण्यावर निभावण्याची विद्या या भागातले एक पीक फार आधीपासून जाणते. ते पीक म्हणजे बाजरी. पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर गेला तरी ती तग धरते. हे तिला कसे साधते?

उत्तर तिच्या पेशीत आहे. तेथे गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात. त्यांतील डीएनएच्या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत रोपाच्या घडणीच्या सूचना लिहिलेल्या असतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी ही लिपी वाचून २०१७ साली प्रसिद्ध केली. भाताची लिपी २००५ सालीच पूर्ण झाली होती. गरिबाच्या भाकरीला आणखी बारा वर्षे थांबावे लागले!

बाजरीच्या लिपीत सुमारे १७९ कोटी अक्षरे आहेत. एका पानावर दोन हजार अक्षरे धरली, तर दोनशे पानांची जवळजवळ साडेचार हजार पुस्तके होतील! त्यांत सुमारे ३८,५०० जनुके सापडली. पानांवर मेणाचा थर घडवणाऱ्या जनुकांची संख्या तिच्यात विशेष मोठी आहे. हा थर पाण्याची वाफ होऊ देत नाही.

पण ही लिपी वाचून शेतकऱ्याला काय लाभ? त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९६५ साली ‘एच. बी. १’ हा संकरित वाण आला. उत्पन्न भरघोस. पुढच्या अनेक संकरित वाणांची माताही तीच राहिली : अमेरिकेतून आणलेली ‘टिफ्ट २३ ए’. शेतोशेती एकाच मातेची लेकरे! १९७१ साली गोसावी रोगाची मोठी साथ आली. या रोगात कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो, गोसाव्याच्या जटांसारखा. म्हणून हे नाव. मातेला प्रतिकारशक्ती नव्हती, ती लेकरांना कोठून येणार? उभी पिके गेली.

रोगप्रतिकाराची जनुके गुणसूत्रावर कोठे आहेत हे कळले, की जवळच्या अक्षरांच्या खुणा पाहून रोप लहान असतानाच निवड करता येते. अशा खुणांच्या साह्याने ‘एच. एच. बी. ६७’ या वाणाच्या पितृवाणात गोसावीचा प्रतिकार आणला गेला व सुधारित वाण २००५ साली प्रसारित झाला. तेव्हा खुणा थोड्या होत्या. आता सारी लिपीच हाताशी आहे. योगायोग असा, की प्रथम संपूर्ण वाचली गेलेली बाजरी त्याच ‘टिफ्ट २३’ घराण्यातली आहे.

मात्र शास्त्रज्ञ एका वाणावर थांबले नाहीत. सुमारे एक हजार वाण त्यांनी तपासले, त्यांत रानटी बाजरीही होती. कारण रोगजंतूही बदलत असतात. उद्याच्या साथीला उत्तर देणारे जनुक आज एखाद्या दुर्लक्षित गावठी बियाण्यात असू शकेल. ते बियाणेच हरवले तर वाचणार काय?

यंदा भाद्रपदात बाजरीच्या शेतात सकाळी जा. पिवळट पडलेल्या पानाची खालची बाजू पाहा. पांढरी लव दिसली तर समजा, गोसावी आला आहे. आणि घरी आजीला विचारा, तिच्या लहानपणी बाजरीचे कोणकोणते वाण पेरत असत? उत्तर वहीत लिहून ठेवा.