दुसरा सर्व्हर, पण कोठे?

शाखेचे दार सायंकाळी बंद होते; संकेतस्थळाचे दार मात्र अहोरात्र उघडे असावे, अशी ग्राहकांची रास्त अपेक्षा असते. आपल्या अनेक उद्योजक ग्राहकांचीही आज स्वतःची संकेतस्थळे आहेत. असे संकेतस्थळ तासभर जरी बंद पडले, तरी मागणी नोंदवावयास आलेला ग्राहक अन्यत्र वळतो आणि तो परत येईलच याची शाश्वती नसते.

संकेतस्थळ ज्या संगणकावर वसते, तो सर्व्हर. यंत्र म्हटले की बिघाड आलाच. म्हणून एकाऐवजी दोन सर्व्हर ठेवून त्यांच्यापुढे ‘लोड बॅलन्सर’ बसविला जातो. शाखेत रोखपालांच्या दोन खिडक्या असाव्यात आणि शिपायाने रांग पाहून ग्राहकांना इकडे-तिकडे पाठवावे, तसेच त्याचे काम. दर काही सेकंदांनी तो प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करतो. उत्तर आले नाही, तर सारी रहदारी दुसऱ्याकडे वळवितो. अर्थात हा लोड बॅलन्सरही एकटा असून चालत नाही. त्यालाही जोडीदार लागतो.

याचे गणित उद्बोधक आहे. ९९ टक्के वेळ चालणारा सर्व्हर वर्षभरात सुमारे ८८ तास बंद असतो. असे दोन असल्यास दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे वर्षातून सुमारे ५३ मिनिटे. अट एकच : दोघांच्या बिघाडाची कारणे परस्परांपासून स्वतंत्र हवीत. एकाच वीजजोडणीवर आणि एकाच छपराखाली असलेले दोन सर्व्हर मोजावयास दोन. संकटाच्या लेखी एकच!

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत भस्मसात झाली आणि जगभरातील लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. ज्यांची राखीव प्रत दुसऱ्या शहरात होती, ते सावरले; ज्यांची प्रतही त्याच आवारात जळाली, त्यांची माहिती कायमची गेली.

याच कारणास्तव बँका आपले आपत्ती-पुनर्प्राप्ती केंद्र मुख्य केंद्रापासून दूर ठेवतात आणि त्याची वेळोवेळी रंगीत तालीमही घेतात. २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, मुंबईच्या दोन्ही प्रमुख शेअर बाजारांनी विशेष सत्र भरवून प्रत्यक्ष व्यवहार राखीव केंद्रावरून चालविले. तालमीवाचूनची राखीव व्यवस्था ऐन वेळी साथ देईलच, असे नाही.

संकेतस्थळाची सेवा घेताना उद्योजक ग्राहकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : दुसरा सर्व्हर कोठे आहे? माहितीची प्रत किती वेळाने घेतली जाते? आणि मुख्य सर्व्हर बंद ठेवून शेवटची चाचणी केव्हा घेतली? उत्तरे लेखी घ्यावीत, हे वेगळे सांगणे नलगे.